गुडघ्याची वाटी आणि चिकटपट्टी

आमच्या शाळेच्या माडीवर जाणाऱ्या जिन्याला २२ पायऱ्या आहेत. या शाळेत बदलून आल्यावर पहिली तीन वर्षे आम्ही त्या रोज चढलो-उतरलो, पण त्यांची संख्या आम्हांस ठाऊक नव्हती. ती कळली गुडघा दुखू लागल्यावर. चढताना होणारा त्रास सोसण्याजोगा असे. उतरताना मात्र उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे कोणी बारीक खडे भरून ठेवले आहेत असे वाटे, आणि कठड्याचा आधार घेत, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकीत आम्ही खाली येत असू. मुख्याध्यापकाची चाल ही शाळेची सार्वजनिक मालमत्ता असते. आमच्या उतरण्याची हुबेहूब नक्कल करणारा एक कलावंत आठवीत निपजला आहे, ही वार्ताही यथाकाल आमच्या कानी आली.

पन्नाशी उलटल्यावर गुडघ्यांनी कुरकुर करावी यात नवल ते काय, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली होती. परंतु २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याच आठवीतील एका मुलीने नेमकी आमचीच तक्रार आणली, आणि वयाची सबब लंगडी पडली. ही मुलगी शाळेच्या खो-खो संघातील. बेळगावच्या आसपासच्या खेड्यांतून जी चपळ, काटक पोरे शाळांना लाभतात त्यांतलीच एक. दुखते कुठे असे विचारले तर तिला एका बोटाने जागा दाखविता येईना. ती सगळा तळवाच वाटीवर ठेवी. जिना उतरताना, उकिडवे बसून उठताना, आणि बाकाखाली पाय दुमडून सलग दोन तास बसल्यावर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला ठणका लागे. सूज नव्हती. पडल्याचे किंवा मार लागल्याचे काही आठवत नव्हते. आजीने हळद-रक्तचंदनाचे लेप लावून झाले, तिळाच्या तेलाने चोळून झाले. वडिलांनी डॉक्टरांना दाखविले. एक्स-रे निर्दोष निघाला. "विश्रांती घ्या" असे सांगण्यात आले. किती दिवस, हे त्यांनी सांगितले नाही आणि वडिलांनी विचारले नाही. मुलीला खेळाच्या तासातून सूट मिळावी असा अर्ज घेऊन ते आमच्याकडे आले, आणि आम्ही त्यावर लाल शाईने शेरा मारला: "मंजूर. पुढील सूचनेपर्यंत खेळात भाग घेऊ नये."

सरकारी भाषेतील 'पुढील सूचना' ही कधी येत नसते, हे आमच्या वाचकांपैकी ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे त्यांना सांगावयास नको. दिवाळी गेली, सहामाहीचे निकाल लागले. मुलगी मैदानाच्या कडेला बसून इतरांचे गुण लिहीत असे. बसून राहिल्याने ठणका थोडा उणावला होता, पण जिन्यावर तो पूर्ववत् हजर होई. मग २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा भरली. १९ तारखेच्या अंतिम सामन्यांत भारताच्या महिला आणि पुरुष अशा दोन्ही संघांनी नेपाळवर विजय मिळविला. ज्या खेळाचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने प्रथम बांधून दिले, त्याला हे दिवस आलेले पाहून आमच्यासारख्यांची छाती फुगली. दुसऱ्या दिवशी सोमवारी मधल्या सुट्टीत ती मुलगी कार्यालयाच्या दारात उभी राहिली आणि तिने विचारले, "सर, माझी ती पुढची सूचना कधी निघणार?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. मराठीत 'अक्कल गुडघ्यात असणे' असा एक वाक्प्रचार आहे. गेले पाच महिने आमची तेथेही नव्हती, असे त्या क्षणी वाटले.

पूर्वीच्या एका शाळेतील आमची विद्यार्थिनी आता फिजिओथेरपिस्ट झाली आहे. तिच्याकडे आम्ही त्या मुलीला आणि तिच्या आईला घेऊन गेलो. मुलीची हकीकत ऐकून घेताना तिचे लक्ष आमच्या बसण्याकडे होते. "सर, आधी तुम्हीच ही पायरी उतरून दाखवा," ती म्हणाली. म्हणून पुढे लिहिले आहे ते एका नव्हे, दोन गुडघ्यांविषयीचे आहे; एक चौदा वर्षांचा, दुसरा चोपन्न.

गुडघ्याची वाटी हे शरीरातील एक विलक्षण हाड आहे. इतर हाडांप्रमाणे ते दुसऱ्या हाडाला बिजागरीने जोडलेले नाही. मांडीच्या पुढच्या बाजूच्या चार भागांच्या स्नायूची जी जाड दोरी नडगीच्या हाडाला जाऊन मिळते, त्या दोरीतच ते गुंफलेले असते. पाय वाकतो-सरळ होतो तेव्हा ही वाटी मांडीच्या हाडाच्या टोकावरील एका खोबणीत वरखाली घसरते. विहिरीवरच्या रहाटाला जे काम तेच तिला: दोरीची ओढ योग्य कोनात वळवून थोड्या बळात जास्त काम करवून घ्यावयाचे. तिच्या मागच्या बाजूस कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. अवघ्या शरीरातील सर्वांत जाड कूर्चांमध्ये त्याची गणना होते. निसर्गाने हा थर उगाच जाड केलेला नाही. सपाट जमिनीवर चालताना वाटीमागे पडणारा भार शरीराच्या वजनाच्या सुमारे निम्मा असतो; जिन्यावर तो वजनाच्या तिपटीहून अधिक होतो, आणि पुरते उकिडवे बसून उठताना सात-आठ पटींपर्यंत जातो. आता खो-खोतील पाठलाग करणारा संघ डोळ्यांसमोर आणावा. आठ खेळाडू चौकोनांत उकिडवे बसलेले. पाठीवर थाप पडून 'खो' कानी येताच त्या खोल बैठकीतून एका झेपेत उठून धावावयाचे. आणि हे एका डावात कितीदा तरी. आमच्या मुलीचा गुडघा का दुखला याचे कोडे येथेच निम्मे सुटते. मे महिन्याच्या सुट्टीत ती घरी बसून होती, आणि जून उजाडताच रोज दोन तास सराव सुरू झाला होता. भार एकाएकी वाढला, स्नायू मात्र होते तेवढेच राहिले.

दुखते ते नक्की काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कूर्चा मऊ पडून झिजते म्हणून दुखते असे पूर्वी सर्रास सांगत. परंतु कूर्चेला स्वतःची संवेदना नसते; कूर्चा खडबडीत झालेल्या कित्येकांना काहीच दुखत नाही, आणि ज्यांची कूर्चा आरशासारखी आहे असे लोक विव्हळतात. वेदना बहुधा उठते ती कूर्चेखालच्या हाडातून, सांध्याच्या आतल्या अस्तरातून, किंवा वाटीच्या खाली असलेल्या मेदाच्या गादीतून. ही गादी फार हळवी असते. एक्स-रे निर्दोष येतो तो यामुळेच. त्याचा अर्थ दुखणे काल्पनिक आहे असा नव्हे. नाट्यगृहात किंवा मोटारीत बराच वेळ पाय दुमडून बसल्यावर दुखू लागणे ही या विकाराची जुनी ओळखीची खूण आहे. संगीत नाटकाच्या तिसऱ्या अंकात पाय लांब करण्यासाठी कडेची खुर्ची शोधणारे रसिक आम्ही पाहिले आहेत. त्यांना आम्ही इतकी वर्षे अरसिक समजत होतो.

मग तिने पट्टी काढली. येथे शब्दाचा थोडा घोळ सांगितला पाहिजे. आम्ही औषधांच्या दुकानात 'टेप' मागितला तेव्हा दुकानदाराने प्रथम कापसाच्या जखमपट्ट्या, मग क्रेप बँडेज, आणि शेवटी ओढून चढवायची गुडघ्याची पिशवी काढून दाखविली. हवी होती ती यांपैकी कोणतीच नव्हे. एक मऊ, पांढरी, जाळीदार पट्टी, जी कातडीला त्रास देत नाही. आणि तिच्यावर लावायची सुमारे दीड इंच रुंदीची, मातकट रंगाची, मुळीच न ताणली जाणारी कडक चिकटपट्टी. खेळाडूंच्या अंगावर रंगीबेरंगी ताणपट्ट्या दिसतात, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकपासून तर त्या जगभर ठाऊक झाल्या, त्या वेगळ्या. त्या जपानच्या केंझो कासे यांनी १९७० च्या दशकात काढल्या. आम्ही सांगत आहोत ती कडक पट्टी गुडघ्यासाठी रूढ केली ऑस्ट्रेलियातील जेनी मॅकॉनेल या फिजिओथेरपिस्ट बाईंनी. त्यांचा यावरील लेख १९८६ साली ऑस्ट्रेलियातील फिजिओथेरपीच्या मासिकात आला.

मॅकॉनेलबाईंची कल्पना साधी होती. काही माणसांत वाटी खोबणीच्या मधोमध न घसरता बाहेरच्या अंगाला ओढली जाते किंवा कलते. तिला पट्टीने आतल्या बाजूस ओढून धरावे, म्हणजे वेदना उणावते. वेदना उणावली की मांडीच्या स्नायूला नीट काम करता येते. आणि अशा स्थितीत त्याला व्यायाम देऊन बळकट केले की पुढे पट्टीची गरज उरत नाही. पट्टीकडे त्यांनी उपचाराचे दार म्हणून पाहिले, घर म्हणून नव्हे.

लावण्याची रीत आम्ही डोळ्यांनी पाहिली ती अशी. पाय स्वच्छ धुऊन कोरडा केलेला, लव असल्यास आदल्या दिवशी काढलेली. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल, पाय जवळजवळ सरळ आणि मांडी पूर्ण सैल. मांडी आवळलेली असली तर वाटी हलत नाही. प्रथम मऊ पट्टी वाटीवरून आडवी, न ओढता. मग कडक पट्टीचे एक टोक वाटीच्या बाहेरच्या कडेला चिकटवून, अंगठ्याने वाटी हलकेच आत सरकवीत, दुसऱ्या हाताने गुडघ्याच्या आतल्या अंगाची कातडी वाटीकडे गोळा करून, पट्टी आतल्या बाजूस मागपर्यंत नेऊन बसवायची. आतल्या अंगाला कातडीच्या चुण्या पडल्या म्हणजे ओढ बरोबर बसली. वाटी कललेली असेल तर पट्टी वाटीच्या मध्यापासून सुरू करतात. खालची मेदाची गादी दुखत असेल तर वाटीच्या खालून दोन्ही बाजूंस वर जाणाऱ्या दोन पट्ट्या मुळाक्षर शिकविताना काढतो त्या तिरक्या रेघांसारख्या लावून त्या गादीवरचा भार हलका करतात.

परंतु या सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पट्टी लावण्याच्या आधी आणि नंतर घडते, आणि तीच लोक विसरतात. आधी रुग्णाला दुखणारी एक हालचाल करून वेदनेला दहापैकी गुण द्यावयास सांगतात. (परीक्षकाचे काम आम्हांस पाठ असल्याने आम्ही सात दिले, मुलीने आठ.) पट्टी लावल्यावर लगेच तीच पायरी पुन्हा उतरावयाची. वेदना निम्म्यावर आली नाही तर पट्टी काढून ओढीची दिशा बदलायची. तरीही फरक नसेल तर हा गुडघा पट्टीचा नव्हे असे समजून तो नाद सोडायचा. मुलीची वेदना तीनवर आली. आमची पहिल्या खेपेस सहा, दुसऱ्या खेपेस तीन. त्या खोलीतील पायरी आम्ही हात न धरता उतरलो, आणि खरे सांगतो, त्यात एखाद्या गारुड्याचा खेळ पाहिल्याचा आनंद होता.

गारुड्याच्या खेळाविषयी शंकाही घ्यावीच लागते. घरी आल्यावर आम्ही जे वाचले आणि आमच्या विद्यार्थिनीला खोदखोदून विचारले, त्यातून पट्टीचे वैभव थोडे उतरले. वाटी खरोखर आत सरकते काय हे चित्रतपासणीने पाहण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. काहींत ती किंचित सरकलेली दिसली, काहींत नाही, आणि जेथे सरकली तेथेही थोडा व्यायाम होताच बहुतेक मूळ जागी परतली. म्हणजे वेदना उणावते हे खरे, पण मूळ कारणमीमांसा डळमळीत झाली. कातडीवरच्या ओढीने मज्जातंतूंना मिळणारी सूचना, गुडघ्याला वाटणारा आधार, अशी इतर कारणे आज पुढे केली जातात. आमच्या वयाच्या लोकांवरील एक प्रयोग आम्हांस विशेष बोलका वाटला. २००३ साली ऑस्ट्रेलियात गुडघ्याच्या संधिवाताच्या ८७ रुग्णांचे तीन गट करून एकाला खरी ओढ देणारी पट्टी, दुसऱ्याला नुसती ओढ नसलेली मऊ पट्टी, आणि तिसऱ्याला काहीच नाही, असे तीन आठवडे केले. खऱ्या पट्टीच्या गटात दर चारांतील जवळजवळ तिघांनी बरे वाटल्याचे सांगितले. नुसत्या पट्टीच्या गटात निम्म्यांनी. काहीच नसलेल्या गटात दहांत एकाने. खऱ्या पट्टीत गुण आहे हे यावरून दिसते. पण नुसते काहीतरी चिकटविल्यानेही निम्म्यांना बरे वाटते, हेही तितकेच दिसते, आणि बाजारात महागड्या पट्ट्या विकणाऱ्यांच्या जाहिराती वाचताना हा दुसरा आकडा ध्यानात ठेवावा.

एकट्या पट्टीच्या भरवशावर बसलेल्यांची कहाणी त्याहून फिकी आहे. २०१२ साली अशा प्रयोगांचा एकत्र आढावा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने घेतला, तेव्हा पाच लहान लहान प्रयोगांतून पट्टीच्या बाजूने काही ठाम सांगता येईना. उलट व्यायामाविषयी त्याच संस्थेने २०१५ साली घेतलेल्या आढाव्यात, पुरावा उत्तम दर्जाचा नसला तरी एकाच दिशेने जाणारा आहे, व्यायामाने वेदना उणावते आणि काम सुधारते, असे दिसून आले. अमेरिकेतील फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेने २०१९ साली जी मार्गदर्शिका काढली तिच्यात या दोहोंची सांगड घातली आहे: व्यायाम हा मुख्य उपचार, पट्टी तत्काळ वेदना कमी करण्यासाठी, व्यायामाच्या जोडीने, साधारण चार आठवडे.

सांगड का लागते ते आता सांगतो. गुडघा दुखला की मांडीचा पुढचा स्नायू आपोआप ढिला पडतो. ही मनाची दुर्बलता नसून मज्जासंस्थेने घातलेला लगाम आहे. स्नायू ढिला पडला की वाटीवरचा ताबा सुटतो, म्हणून अधिक दुखते. दुखते म्हणून मनुष्य पाय कमी वापरतो. कमी वापरल्याने स्नायू आणखी रोडावतो. आमच्या विद्यार्थिनीने शिंप्याच्या मापपट्टीने मुलीच्या दोन्ही मांड्या वाटीपासून सारख्याच उंचीवर मोजल्या. दुखऱ्या पायाची मांडी दीड सेंटिमीटरने बारीक होती. "ही विश्रांती," ती म्हणाली. तिने ते मुलीच्या आईकडे पाहून म्हटले, पण शेरा कोणाच्या हस्ताक्षरात होता हे आम्हांस ठाऊक होते. या चक्रात पट्टीने एक फट पडते. दिवसातून अर्धा-पाऊण तास वेदना निम्म्यावर येते, आणि त्या अर्ध्या तासात जो व्यायाम एरवी अशक्य असतो तो शक्य होतो. पट्टी लावून खुर्चीत बसून राहणारा मनुष्य उसनवारीचे पैसे घरात ठेवून व्याज भरणाऱ्यासारखा आहे.

आता व्यायाम. यात नवे यंत्र कोणतेच नाही, आणि आमच्या पिढीला तालमीत शिकविलेल्या बैठकांचेच हे सौम्य रूप आहे. पहिले काही दिवस पाय लांब करून, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, ती दाबीत मांडी पाच आकडे मोजेपर्यंत आवळायची. मग उताणे पडून एक पाय दुमडून दुसरा सरळ पाय वीतभर उचलायचा. हे जमू लागले की भिंतीला पाठ टेकून अर्धी बैठक. अर्धी म्हणजे खरोखर अर्धी. गुडघा पंचेचाळीस अंशांपलीकडे वाकता कामा नये, कारण उभ्याने केलेल्या व्यायामात वाटीवरचा भार त्यापुढे झपाट्याने वाढतो. आमचे तालीममास्तर पूर्ण बैठकीखेरीज काही मोजीत नसत; त्यांच्या आत्म्याची क्षमा मागून आम्ही अर्ध्या मोजल्या.

या विषयात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत झालेली मोठी सुधारणा म्हणजे लक्ष गुडघ्यावरून वर कमरेकडे गेले. पूर्वी मांडीच्या आतल्या अंगाचा, वाटीच्या वर थेंबासारखा दिसणारा स्नायूचा भाग तेवढा वेगळा बळकट करावा असा आग्रह असे. त्या एकट्या भागाला वेगळे बळ देता येते ही समजूत पुढे मागे पडली. उलट असे दिसून आले की, गुडघा दुखणाऱ्या अनेकांचे, विशेषतः मुली आणि बायकांचे, कुल्ल्याचे स्नायू दुबळे असतात, आणि पायरी उतरताना गुडघा आतल्या बाजूस कोसळतो. आमच्या मुलीचे आरशात तसेच दिसले. म्हणून कुशीवर निजून वरचा पाय मागच्या अंगास ठेवून उचलणे, आणि उताणे निजून कंबर उचलणे (योगाभ्यासी त्यास सेतुबंध म्हणतात) हे दोन व्यायाम गुडघ्यासाठी म्हणून सांगितले जातात, याचे कोणी आश्चर्य करू नये. शेवटचा आणि सर्वांत मोलाचा व्यायाम पायरीचा. प्रथम एका विटेवर उभे राहून, आरशासमोर, तीन आकडे मोजीत दुसऱ्या पायाची टाच हळूच जमिनीला लावायची. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. मग दोन विटा. मग खरी पायरी.

प्रत्येक प्रकार दहा-दहाच्या दोन किंवा तीन आवर्तनांत, एक दिवसाआड, पुरेसा होतो. दुखले तर किती चालेल याचा नियम आम्हांस फार शहाणपणाचा वाटला: दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते शमले पाहिजे; न शमल्यास पुढच्या खेपेस एक पायरी खाली यावे. फरक जाणवावयास सहा आठवडे, बळ यावयास तीन महिने. दरम्यान उकिडवे बसणे, वज्रासन, जमिनीवरून मांडी मोडून वारंवार उठणे हे कमी करावे, पण चालणे-फिरणे सोडू नये. "वाढत्या वयाचे आहे, आपोआप जाईल" असे म्हणणाऱ्या आजोबांना एक आकडा सांगून ठेवतो. या विकाराच्या रुग्णांचा पाच ते आठ वर्षांनी पाठपुरावा केला असता निम्म्याहून अधिकांची तक्रार शिल्लक होती, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले.

काही गुडघे मात्र या लेखाच्या कक्षेत येत नाहीत. गुडघा सुजला असेल, अडकून पडत असेल, चालता चालता दगा देत असेल, पडल्यानंतर पाय टेकवत नसेल, लाल आणि गरम होऊन ताप आला असेल, किंवा रात्री झोपेतून उठविणारी वेदना असेल, तर पट्टी आणि विटा बाजूस ठेवून थेट डॉक्टरांकडे जावे. वाढत्या वयातील मूल लंगडत असेल आणि गुडघा दुखतो म्हणत असेल तर त्याचा खुब्याचा सांधा तपासून घ्यावा. खुब्याचे दुखणे गुडघ्यात उमटते आणि तेथे उशीर महाग पडतो. वाटीखाली नडगीच्या हाडाला दुखरे टेंगूळ आलेल्या खेळकर मुलांचे दुखणे वेगळे. पट्टीचेही पथ्य आहे. जखमेवर, खाजऱ्या कातडीवर, मधुमेहाने संवेदना कमी झालेल्या पायावर ती लावू नये. रात्री काढावी, काढताना कडेला खोबरेल तेल लावून, कातडी मागे दाबीत सावकाश काढावी. आणि पहिल्या खेपेस तरी जाणत्या हातानेच ती लावून घ्यावी. हा लेख वाचून स्वतःच्या गुडघ्यावर प्रयोग करणारा एखादा शिक्षकबंधू निघेल, या भीतीने हे वाक्य आम्ही दोनदा वाचून पाहिले आहे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तो जुना अर्ज बाहेर काढून त्यावर दुसरा शेरा लिहिला: "पूर्वीची सूचना रद्द. विद्यार्थिनीने दर सोमवारी, बुधवारी व शुक्रवारी शाळा सुटल्यावर जिन्यावर व्यायाम करावा. मुख्याध्यापक उपस्थित राहतील." उपस्थित राहणे याचा अर्थ बरोबरीने करणे, हे तिने पहिल्याच दिवशी गृहीत धरले. ती खालच्या पायरीवर, आम्ही त्याच्या पलीकडे. आकडे ती मोजी, कारण आम्ही घाईत मोजतो असा तिचा आरोप होता. सगळे सुरळीत झाले असे नाही. तिसऱ्या आठवड्यात मुलीच्या कातडीवर पट्टीखाली लाल पुरळ उठले, आणि पट्टी तेव्हाच सुटली ती सुटलीच. आम्ही धीर सोडला. तिने सोडला नाही. आईचा विरोध मात्र कायम होता. "पोरीच्या जातीचा पाय आहे, उद्या काही झालं तर?" हा प्रश्न त्या माऊलीने आम्हांस तीनदा विचारला, आणि प्रत्येक वेळी आम्ही तिला मैदानाऐवजी जिन्यापाशी नेऊन मुलीला उतरताना दाखविले. एप्रिलमध्ये मापपट्टीने दोन्ही मांड्यांत अर्ध्या सेंटिमीटरचाच फरक दाखविला. उन्हाळ्याच्या सुट्टीत, मागच्या वर्षीची चूक टाळून, तिने घरच्या ओट्यावर व्यायाम चालू ठेवला. जूनमध्ये पहिले दोन आठवडे ती फक्त पळतीच्या बाजूने खेळली. चौकोनात बसणे सर्वांत शेवटी आले, आणि तेही प्रथम डावातील मोजक्या पाळ्यांना.

२०२५ च्या ऑगस्टमधील तालुका सामन्यांत ती दोन्ही बाजूंनी खेळली. आमचा संघ उपांत्य फेरीत हरला, त्याचे कारण गुडघा नव्हते. समोरचा संघ चांगला होता.

आमचे म्हणाल तर चार आठवड्यांनी आम्हीही पट्टी सोडली. मागील पावसाळ्यानंतर शाळेची सहल येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेली, तेव्हा गड आम्ही चढलो आणि उतरलोही, उतरताना अर्ध्यावर दोनदा बसून. शाळेचा जिना आता बहुतेक दिवशी कठडा न धरता उतरतो. थंडीच्या सकाळी मात्र एखादे दिवशी हात आपण होऊन कठड्याकडे जातो, आणि वरच्या वर्गाच्या खिडकीत नववीत गेलेला तो कलावंत उभा दिसतो.